खसखशीचे अनारसे

सुंदराबाईच्या हातचे अनारसे आमच्या तेल्हाऱ्याकडच्या खेड्यात नावाजलेले आहेत, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचे. उलटवला की फसला. माझ्या बायकोचा दर वेळी फसतो, हेही ती आमच्याच ओट्यावर बसून सांगते. मी मास्तरकी करून गावातली पोरं वठणीवर आणली, पण या बाईपुढं माझं काही चालत नाही.

तिचा मुलगा स्वप्निल सहा वर्षांपासून दुबईत आहे. घरचा दीड एकर भाजीपाला, त्यात चार माणसांचं भागत नव्हतं. आयटीआय करून त्यानं अकोल्यात एसी दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं, पण उन्हाळा सरला की मालक घरी बसवायचा. तिकडे उन्हाळा सरतच नाही, म्हणून गेला. घरावर स्लॅब चढला. त्याची बायको मोनाली गाडी शिकली आणि वांगी-मेथीची गाठोडी बांधून बाजाराला जाऊ लागली. गावाला याचं मोठं कौतुक. मलाही आहे, पण सणाला त्या घरात एक ताट कमी असतं आणि ते मला बघवत नाही.

दोन वर्षांनी एकदा तो सुट्टीवर येतो. परत निघाला की सुंदराबाई स्टीलचा डबा भरून अनारसे देते. आठवड्यानं त्याचा फोन येतो, "माय, रूममधल्या पोराईनं एका दिवसात फस्त केले." पुढचा महिनाभर हे वाक्य गावात फिरत असतं.

यंदाही तो डबा घेऊन अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर वाचत होतो आणि सुंदराबाई आमच्या ओट्यावर मेथी निवडत होती. बातमी मोठ्यानं वाचल्याशिवाय ती मला कळत नाही, ही माझी वाईट खोड. दुबईकडे खसखस नेणं गुन्हा आहे, ती अफूच्या बोंडातली, सामानात सापडली तर तुरुंग, असं मी वाचून मोकळा झालो.

मेथीची जुडी तिच्या हातातच राहिली.

"मास्तर, अनारशावरची खसखस?"

"तीच."

स्वप्निलचा फोन बंद होता. संध्याकाळी त्याचं विमान होतं. मोनालीनं वीसेक वेळा तरी लावला असेल. "त्याले धरलं असंन तं म्याच धरून देल्लं, ह्याच हातानं," सुंदराबाई एवढंच बोलत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मला माझ्या वाचनाचा संताप आला.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिचा नवरा शेषराव बाजेवर आणि ती दारात बसली होती. दहाला फोन वाजला. मोनालीनं स्पीकर लावला.

"पोचलो, माय."

"डबा? तुले कोणी धरलं तं नाही?"

"काहून धरतीन? डबा म्या आत नेलाच नाही. खसखस चालत नाही इकडं. पह्यल्या खेपेपासूनच मले मालूम हाय."

सुंदराबाईला आधी हायसं वाटलं. मग तिचा चेहरा बदलला.

"मंग तीन खेपा अनारसे कोणी खाल्ले?"

"म्याच. विमानतळाच्या बाहेर बसून. पोट भरलं तरी खात राह्यलो. उरले ते टॅक्सीवाल्याईले वाटले."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू करणं बंद केलं असतं, माय."

तिला रडू येत होतं, पण रागही आला होता, आणि जिंकला राग.

"अजून काय काय सांगत नाही तू मले?"

मग तो हळूच म्हणाला, "सांगतो. पण पह्यले तू सांग. बाबाचे गुडघे खरंच बरे झाले काय?"

शेषरावांनी बाजेवरून घाईनं हात हलवला, सांगू नको म्हणून. सुंदराबाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"नाही रे बापा. तू होता तवा महिनाभर त्याईनं काठी लपवून ठेवली होती."