उसाच्या रोगांमागचं पुस्तक

प्राचीन इतिहासाच्या एम.ए.ला असताना मी ग्रंथालयातलं एक पुस्तक लपवलं. आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. शिलालेखांच्या ठशांचा तो जाडजूड खंड एकच होता, रेफरन्स विभागातला. घरी न्यायचा नाही, पानं मोडतात म्हणून झेरॉक्स नाही, मोबाईल दारातच जमा. आणि सरांचा नियम असा, की सेमिनारला आपल्या वाट्याचा शिलालेख ट्रेसिंग पेपरवर स्वतः गिरवून आणायचा. "हाताला अक्षर कळल्याशिवाय डोळ्याला कळत नाही," म्हणायचे. त्यामुळे सेमिनार जवळ आले, की जो तो आपल्याला लागणारं पुस्तक भलत्याच कपाटात दडवायचा. आमच्यात ही चोरी धरतच नसत.

मी शेतकी विभाग निवडला, उसाच्या रोगांवरच्या ग्रंथांची मागची बाजू. आमच्या जिल्ह्यात ऊस सगळेच लावतात, त्याचे रोग वाचायला कोण जातंय! खूण म्हणून माझ्या लेखाच्या पानात ग्रंथालयाचं कार्ड घातलं आणि दोन दिवस गडहिंग्लजला घरी जाऊन आले.

सोमवारी बघते तर कपाट रिकामं. वाळवी लागली म्हणून सगळी पुस्तकं पोत्यांत भरून तळघरात नेली होती. सेमिनार गुरुवारी. तो बुडाला तर सत्र गेलं, आणि सत्र गेलं तर वडील पुन्हा पाठवणार नव्हते, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पुस्तक सापडलं, तर आत माझं फोटोसकट कार्ड. नाही सापडलं, तर सेमिनार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"काय हुडकाय लागलीस, बाळ?" काउंटरवरच्या काकांनी विचारलं.

"उसाच्या रोगांचं पुस्तक," मी म्हणाले.

त्या भल्या माणसानं कुठून तरी एक शोधून आणून दिलं. तांबेरा पडलेल्या पानांची चित्रं बघता बघता मला रडू फुटलं.

शिरोळची माझी मैत्रीण शेजारी येऊन बसली. तिचाही लेख त्याच खंडात होता. मागच्या आठवड्यात तिनं खंडाबद्दल विचारलं, तेव्हा "मी बघितलाच नाही" असं मी तोंड वर करून सांगितलं होतं.

"रडतीस कशाला गं? गावंल की," ती म्हणाली. समोरच्या उसाच्या पुस्तकाकडे तिनं एकदा बघितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि उसाच्या पुस्तकाचं पान उलटलं.

मंगळवार-बुधवार मी गावातली बाकीची ग्रंथालयं पालथी घातली. तो खंड कुठंच नव्हता. गुरुवारी रिकाम्या हातानं वर्गात जाऊन बसले. पहिला नंबर माझाच. सरांनी पुकारलं, तसा मैत्रिणीनं बाकाखालून एक गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली. माझा लेख, ओळ न् ओळ, तिच्या पेन्सिलीनं गिरवलेला. आत माझं कार्ड. लेखाचं वाचन मी आधीच पाठ केलं होतं. तेवढ्यावर बोलले. सर खूश झाले.

मग ती उभी राहिली. तिच्या कागदावर शेवटच्या सहा ओळी नव्हत्या.

"अर्धवट काम घेऊन येताच कशाला?" सर ओरडले.

"येळ कमी पडला, सर."

बाहेर आल्यावर कळलं, की काकांच्या मागं लागून तिनं बुधवारी उसाच्या पुस्तकांची पोती सोडवली होती आणि खंड हाती आला तेव्हा ग्रंथालय बंद व्हायला दोनच तास उरले होते.

"मग माझा आधी का केलास?"

"तुझा नंबर पयला हुता की," ती म्हणाली. मग हसली. "आन् कार्ड आत ठेवून कोण लपवतं व्हय, येडे?"

मला हसता येईना. सरांना खरं सांगावं म्हणून मी मागं फिरले, आणि त्यांच्या दारापर्यंतच गेले.