नऊ तिकिटं

परवा कायद्याच्या जुन्या पुस्तकातून अक्षरं उडालेलं एसटीचं तिकीट पडलं आणि यवतमाळच्या कोर्टामागची ती कोंदट खोली आठवली. मी तेव्हा ज्युनियर होतो, सिनियर वकिलांची डायरी मीच लिहायचो. नेरहून येणाऱ्या पक्षकार बाईला त्यांनी अकरा पेशींची फी सांगितली. बाईनं पदराची गाठ सोडून टेबलावर नऊ तिकिटं मांडली. "साहेब, म्या नऊच खेपा आली. दोन डाव तं तुमीच फोन केला, येऊ नका म्हणून." सिनियर माझ्याकडे वळले. "डायरी पाहून सांग." त्या दोन तारखांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'वकील गैरहजर'. "अकरा," मी म्हणालो. बाई तिकिटं तिथंच टाकून गेली. आता मी सिनियर आहे. माझ्या डायरीत ज्युनियर फक्त तारखा लिहितो, 'गैरहजर' लिहायची पद्धत नाही.