रंगूनला द्यावयाची पोच

दत्तोबा रखमाजी असवले. जन्म टाकवे बुद्रुक, १८८१. मृत्यू लोणावळा, १९४४. रेल्वेच्या तारखात्यात एकतीस वर्षे नोकरी. पैकी अकरा वर्षे लोणावळा स्टेशनात, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कर्जतचे महिपतराव. एक घाटाच्या वर, एक खाली. दोघांची पाळी एकच, त्यामुळे प्रत्यक्ष गाठ कधी पडली नाही. पुढे महिपतराव ब्रह्मदेशात गेले.

निवृत्तीनंतर, १९३७ च्या दिवाळीपासून, दत्तोबा माझ्याकडे रेडिओ ऐकावयास येऊ लागले. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. एके सायंकाळी रंगूनच्या कोणा हौशी रेडिओवाल्याची मोर्समधील, म्हणजे तारेच्याच ठिपके-रेघांच्या लिपीतील, साद लागली. दत्तोबांनी कानांवरचे फोन दोन्ही हातांनी दाबून धरले. शब्दाचा शेवटचा ठिपका किंचित लांबवण्याची ती लकब महिपतरावांची होती. कोणी ऐकत आहे काय, असे ते विचारीत होते.

उत्तर द्यावयाचे तर सरकारी परवाना हवा. त्यासाठी मोर्स आणि तांत्रिक ज्ञान, दोन्हींची परीक्षा. मी पत्र लिहिण्याचे सुचवले.

“पत्र कुनीबी लिहील, गुरुजी,” ते म्हणाले. “माजा हात त्यास्नी मोर्समदीच कळंल.”

ते परीक्षेस बसले. मोर्समध्ये त्यांची एकही चूक निघाली नाही. तांत्रिक भागात ते नापास झाले. आपली रेडिओलहर नेमून दिलेल्या मर्यादेत आहे हे कसे पडताळाल, या प्रश्नाला त्यांनी उत्तर लिहिले होते : समोरचा सांगेल. तारेवर एकतीस वर्षे तसेच चालत आले होते. माझे याच्या उलट. आकृत्या मुखोद्गत, पण मोर्स कानाला लागत नसे. दोघे मिळून एक उत्तीर्ण उमेदवार झाला असता, असे मी थट्टेने म्हटले. ते हसले नाहीत. प्रक्षेपक जोडण्याइतके सामान माझ्यापाशी होते, हे त्यांना ठाऊक होते. एकदाच, दोन शब्द पाठवू द्यावेत, अशी त्यांनी विनंती केली. मी नियमांचे पुस्तक पुढे केले. अजाणत्याच्या लहरीखाली दुसऱ्याचा संदेश बुडू शकतो. परीक्षा असावी, हे माझे मत आजही कायम आहे.

दीड वर्ष ते माझ्याकडे शिकले. धडा संपला की फोन लावून बसत आणि रंगूनची साद आली की बोटाने मेजावर उत्तर ठोकीत. समोर बसून मला ते ऐकू येई, रंगूनला नाही.

ऑगस्ट १९३९ मध्ये ते उत्तीर्ण झाल्याचे पत्र आले. परवाना मागाहून यावयाचा होता. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले, हौशी परवाने बंद झाले आणि रंगूनची साद थांबली.

दत्तोबांच्या पश्चात त्यांच्या पत्नी धोंडाबाई यांनी ते पत्र माझ्या स्वाधीन केले. युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले, तेव्हा मी परीक्षेस बसलो. मोर्समध्ये तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो; वय सदुसष्ट. मार्च १९४८ मध्ये मी पहिली साद रंगूनला घातली आणि पुढे एवढेच ठोकले : दत्तोबा ऐकत होते. माझा हात महिपतरावांच्या ओळखीचा नाही. पोच अद्याप आलेली नाही.