याडीचा आवाज आणि माझं ‘आर’

कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवायला घेतलं आणि घरातलं माणूसच पुसून बसलो, असा शहाणा तुमी पाहिला नसंल. चहा घ्या, सांगतो.

तेव्हा मी आखाडा बाळापूरला कॉलेजात शिकवायचो. पीएचडीच्या आकडेमोडीसाठी एक सॉफ्टवेअर पाहिजे होतं. त्याचं नाव नुसतं ‘आर’.

“काय बसवून राहिले?” बायकोनं विचारलं.

“आर.”

“आरं काय? नाव सांगा की.”

“तेच नाव हाय.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

हिंगोलीला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे सलीमभाई होते. त्यांना फोन लावला. “सर, दोन रस्ते हायत,” ते म्हणाले. “विंडोजवर टाका, सोपं पडतं. न्हाई तर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून त्यावर बसवा, बराबर चालतं. पण आधी सगळा माल सीडीवर काढून घ्या.”

आता पीएचडी करणारा माणूस सोपा रस्ता कशाला धरील? लिनक्सच. आणि माल म्हणजे काय, माझे आकडे. तेवढे काढून घेतले.

मधेच इंग्रजीत प्रश्न आला, पूर्ण डिस्क वापरू का? मला वाटलं, बिचाऱ्याला जागा कमी पडून राहिली. म्हटलं, वापर बाबा.

आर झकास सुरू झालं. त्याच दुपारी सेनगावहून माझी बहीण आली, शांता. आली की ती आधी कॉम्प्युटरपुढं बसायची, कारण त्यात याडी होती. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. नवा माइक आणला तेव्हा मी तो तिच्यापुढं धरला होता, आणि ती जेवायला उशीर केला म्हणून मला रागावत होती. तेवढाच तिचा आवाज कॉम्प्युटरात भरून राहिला होता. पुढं वर्षभरात ती गेली.

“लाव की दादा,” शांता म्हणाली.

मी शोधलं. पुन्हा शोधलं. मग सलीमभाईंना फोन केला. काय काय दाबलं ते सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, “सर, पूर्ण डिस्क म्हणजे सगळंच गेलं. वापस येणं मुश्किल हाय.”

शांता रडली न्हाई. पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “तूच बोलून दाखव. तुलाच तर रागावत होती.”

“ताट वाढून ठेवलं...” एवढं म्हणालो. पुढचं काही केल्या आठवंना.

मग शांतानंच सुरू केलं. तोच हेल, मधेच तसंच खोकणं, एक शब्द सुटला न्हाई. शेवटी याडीसारखाच सुस्कारा टाकून ती म्हणाली, “किती बोला, या पोराच्या कानात काही शिरतच न्हाई.”

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी मान खाली घातली. जन्मभर बोलणी खाल्ली मी, आणि पाठ झाली बहिणीला.