दीड हजार पौंडांची बोट

माझा हात लवकर उठतो. हे मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो, आता नुसतं सांगतो. लहानपणी धाकट्या भावाचा पुढचा दात मी वल्ह्याने पाडला, कारण त्याने गळाची दोरी गुंतवून ठेवली होती. कॉलेजात असताना त्याला होडीतून पाण्यात ढकललं आणि तो वर आला तसं डोकं धरून पुन्हा खाली दाबलं. गंमत म्हणून! तो उलटून कधी मारायचा नाही, त्यामुळे तर मला जास्तच चेव यायचा.

तीन वर्षांपूर्वी मी कहरच केला. वडील गेल्यावर गावची आमची लाकडी होडी त्याने मला न विचारता विकून टाकली. मी एडिनबराहून ट्रेन पकडून लंडनजवळच्या मेडनहेडला गेलो, त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, आणि भरल्या घरात, सासू-सासऱ्यांच्या देखत, त्याच्या कानाखाली जाळ काढला. हाताखाली वीस माणसं असलेला मॅनेजर तो. चष्मा उडून होमाजवळ पडला. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले. मी न जेवता परत निघालो आणि अख्ख्या प्रवासात मला वाटत होतं, बरं झालं, चांगली अद्दल घडली.

त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. पहिलं वर्ष मी म्हटलं, गेला उडत. दुसऱ्या वर्षी दिवाळीला मेसेज केला, उत्तर नाही. आई आधीच गेलेली. रक्ताचं म्हणावं असं माझं जगात एवढं एकच माणूस, आणि ते माझ्याशी बोलत नव्हतं. हॉस्पिटलात ड्यूटी करताना, ट्रॉली ढकलता ढकलता, मला मध्येच रडू यायचं. खोटं कशाला बोलू?

म्हणून बोट. आम्हा कोळ्यांच्या पोरांना एकत्र आणायचं तर दुसरं काय असणार? या मे महिन्यात मी त्याला लिहिलं, "सेकंडहँड बोट घेतोय. अर्धी तुझी. येतोस?" तीन तासांनी उत्तर आलं, "कधी?" मी कँटीनमध्ये एवढ्या जोरात टेबलावर मूठ मारली की समोरच्या नर्सचं सूप सांडलं.

बजेट दीड हजार पौंड. बायकोने बजावलं होतं, वर एक पेनी मिळणार नाही. एवढ्यात चांगली बोट येत नाही, इंजिनच तेवढ्याचं असतं. पण फोर्थच्या खाडीपलीकडे, फाइफमधल्या एका लहान बंदरावर, एक म्हातारा ट्रेलर आणि इंजिनासकट सोळा फुटी फायबरची बोट विकत होता. मागत होता दोन हजार.

भाऊ स्टेशनवर उतरला तेव्हा मी मिठी मारायला पुढे झालो आणि तो दचकून मागे सरला. मग त्यानेच हसून हात पुढे केला. गाडीत आम्ही दोघं हवामानावर बोललो.

बंदरावर वारा नुसता थोबाडत होता. लाटा भिंतीवर आपटून वरून पाणी फेकत होत्या. पण आतल्या बाजूला शांत होतं आणि दुपारी जोर कमी होईल असा अंदाज होता, म्हणजे बांगडे पकडायला एक फेरी मारता आली असती. बोट मात्र मस्त दिसली. निळा रंग, ताजा, चकचकीत. मी फळ्यांमधल्या सांध्यांत चाकू खुपसून बघायला गेलो, तर सांधेच नाहीत! कीड नाही, कूज नाही, एकसंध गुळगुळीत अंग. वडील दरवर्षी होडीच्या फटी बुजवत मरमर मरायचे, आणि इथे फटच नाही. मी खूश.

"दादा, एकदा कुणाला तरी दाखवून घेऊया का?" भाऊ हळूच म्हणाला. "सर्व्हेअर असतात इथे."

"गप रे! कोळ्याच्या पोराची बोट गोरा येऊन तपासणार? लाज वाटते का काही?"

तो बोटीभोवती फिरायला लागला. मी म्हाताऱ्याशी घासाघीस केली, दोन हजारांवरून त्याला दीड हजारावर आणला आणि नोटा त्याच्या हातात कोंबल्या. त्याने पिकअप मागे घेऊन ट्रेलर पाण्यात जाणाऱ्या उतारावर लावला. आम्ही लाइफ जॅकेटं चढवली.

आता नारळ. नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडल्याशिवाय तिला पाण्यात घालायची नाही, हे आमच्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मी एडिनबरातल्या लीथच्या दुकानातून निवडून, पाणीदार नारळ आणला होता. वडिलांच्या होडीच्या पुढच्या टोकाला लोखंडी पट्टी होती, त्यावर एका घावात दोन शकलं व्हायची. इथे तसलं काही नव्हतं. म्हातारा ओरडला, "अरे अरे, हे काय करतोयस?" तो का घाबरला ते तेव्हा मला कळलं नाही. मी हाणला. नारळ टप्पा खाऊन परत आला. पुन्हा हाणला, तेच. च्यायला, भावासमोर नारळ फुटेना! मी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि वडिलांचं नाव घेऊन सगळा जीव लावून घातला.

नारळ शाबूत राहिला, बोट फुटली. खड्‌कन आवाज झाला आणि नारळ नाळेतून आत गेला तो अडकूनच बसला. कडेने निळ्या रंगाचे पोपडे निघाले. त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली कोंबलेला पिवळा फोम आणि कुजट चिंध्या. माझं डोकं मावेल एवढं भोक या हरामखोराने बुजवून, वरून रंग मारून, आम्हाला विकलं होतं.

मग मला आवरणार कोण? मी म्हाताऱ्याची कॉलर धरून त्याला पिकअपच्या दारावर आदळला. त्याची टोपी पडली. "मारायला निघाला होतास आम्हाला? चोरा!" मी मराठीतच ओरडत होतो. त्याने गाडीच्या उघड्या खिडकीतून लोखंडी पाना काढला आणि माझ्या खांद्यावर हाणला. माझा डावा हात बधिर झाला तरी उजव्याने मी त्याचा गळा आवळला. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. भाऊ मध्ये घुसला, माझी बोटं एकेक करून सोडवायला लागला, आणि मी मागे न बघता कोपर मारलं. ते त्याच्या नाकावर बसलं. रक्त बघून मी थांबलो.

म्हाताऱ्याने नोटा चिखलात फेकल्या, शिव्या घालत गाडीत बसला आणि बोट घेऊन निघून गेला. नाळेत आमचा नारळ तसाच होता.

भाऊ उतारावर बसून नाकाला रुमाल लावत होता. मी नोटा गोळा केल्या, पुसल्या, आणि त्याच्या शेजारी बसलो. खांदा ठणकत होता, पण मला हसायला यायला लागलं. "बघितलंस? देवानेच वाचवलं. नारळ नसता तर आज गेलो होतो आपण."

"मी ठोकून बघितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"नाळेपाशी. तू भाव करत होतास तेव्हा. बद्द वाजत होतं. अंगठ्याने दाबलं तर दबतही होतं. आठवडाभर व्हिडिओ बघून आलो होतो, दादा. मला माहीत होतं."

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तशी डोक्यात तिडीक गेली. "आणि तू जॅकेट घालून बसायला तयार झालास? अरे मूर्खा, दोघंही मेलो असतो! हे पाणी काय आपल्या गावचं आहे? दहा मिनिटांत गारठून खेळ खलास! तुझ्या बायकोला काय सांगितलं असतं कुणी? तोंड शिवलं होतं का तुझं?"

ओरडता ओरडता मी कधी उठलो आणि हात कधी वर गेला, मला समजलं नाही. त्याने रुमाल सोडला आणि कोपर चेहऱ्यासमोर धरलं. लहानपणी धरायचा तसंच, मान खांद्यात घालून. मी हात खाली घेतला. त्याचं कोपर खाली आलं नाही.

"समुद्राचं पुढचं पुढे बघितलं असतं, दादा," तो कोपराआडून म्हणाला. "तू तर समोर उभा होतास."