पहिले जेवन, मग भांडन

आंदोलनाचे किस्से म्हटलं की लोक सरसावून बसतात. लाठीमार, उपोषण, तुरुंग! आमच्या गावाने रिसॉर्टला विरोध केला, त्यात यातलं काहीच झालं नाही. झाले ते नुसते किस्से. आणि किस्स्यांचं असं, की एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्यामागे तिसरा. शेवटी ऐकणारा वैतागून विचारतो, "अगं, पण आंदोलन सुरू कधी झालं?"

वर्षभर मी नानांना तेच तर विचारत होते!

*

गोष्ट नव्वदनंतरची. जळगावला बी.ए. करून मी नुकतीच गावी परतले होते. हॉस्टेलमध्ये राहून भाषणं ठोकायची सवय लागलेली. आमचं गाव पाचोऱ्याच्या पुढे, गिरणेच्या काठावर. नदीला लागून गायरान, गायरानात जुनी अमराई. एका कंपनीला नेमकी तीच जागा रिसॉर्टसाठी हवी होती. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागणार होता.

गायरान गेलं तर सगळ्यात आधी मरण होतं अक्काचं. अक्का विधवा, जमीन नाही, सहा शेळ्यांवर घर चालतं. ती मला म्हणाली, "शेळ्या विकल्या तर मी काय, तुन्या पुस्तकना पाना खाऊ?"

मी तडक नानांकडे गेले. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. मी म्हटलं, "आजच्या आज संघर्ष समिती स्थापन करायची!"

समिती झाली. पण 'संघर्ष' हा शब्द नानांना पटेना. "गावमा लगीनन्या पोरी शेतस. सोयरीकवाला इचारतीन, ह्या लोके कोनासंगे भांडतस?"

शेवटी नाव पडलं 'विचार समिती'. आणि समितीने नावाला जागून पुढचे कित्येक महिने फक्त विचार केला!

*

पहिल्याच बैठकीत आबांनी शंका काढली. आबा समितीतले सगळ्यात वडील, सगळ्यात सावकाश. "रिसॉर्ट म्हंजे काय शे?"

मी समजावून सांगितलं. शहरातली माणसं येतात. झाडाखाली खाटेवर लोळतात. चुलीवरची भाकरी खातात, बैलगाडीत फिरतात, नदी बघतात. आणि त्याचे भरपूर पैसे देतात.

बैठक गंभीर झाली. मला वाटलं, आता पेटणार! आबांचे डोळे पाणावले होते.

"बिचारा! तेसना घर झाड बी नही शे? येऊ द्या ना तेसले. पैसा कसाले लेवाना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. विरोध करायला जमलेल्या समितीने कंपनीच्या गिऱ्हाइकांना फुकट बोलवायचं ठरवलं! मी तिथून उठून गेले. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगी उपाशी दिसते."

*

हिवाळ्यात कंपनीची माणसं मोजणीला येणार असं कळलं. मी घोषणा लिहून काढल्या, शाळेतली पोरं तयार केली. "टेप लावू द्यायची नाही!" नाना म्हणाले, "हो, हो."

सकाळी अमराईत पोचले तर धूर! वाटलं, नानांनी काहीतरी पेटवलं. जवळ जाऊन बघते, तर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. हिरवी, लांबोडी, भरिताची वांगी. शेजारी पाट्यावर मिरची वाटणं चाललं होतं.

"नाना, हे काय?"

"पाहुना येतीन ना. पहिले जेवन, मग भांडन."

मोजणीवाले तिघे आले. त्यांतला मुख्य धुळ्याकडचाच होता. भरीत बघून तो जो बसला, तो कळण्याच्या भाकरीसह आडवाच झाला. तिघेही दुपारभर आंब्याखाली घोरत होते. पेटीतून टेप निघालीच नाही.

मी थक्क! म्हटलं, "नाना, काय डाव टाकलात!"

नाना गोंधळले. "कसाना डाव? शिवारमा उना मानूस उपाशी जाई का?"

मला ते खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते तिघे परत आले, खुंट्या ठोकू लागले, आणि टेपचं दुसरं टोक धरून उभे होते आमचे आबा!

मी किंचाळले, "आबा! सोडा ते!"

आबा शांतपणे म्हणाले, "एकला मानूस कसा मोजी?"

मोजणीवाल्यांनी कंपनीच्या साहेबांना जाऊन सांगितलं, की गाव फार चांगलं आहे, पूर्ण सहकार्य आहे. चुकीचं तरी काय सांगितलं त्यांनी?

*

मग निवेदन द्यायला आम्ही जळगावला कलेक्टर ऑफिसात गेलो. एस.टी.ने, चार फेटे आणि मी. एस.टी.त मी सगळ्यांना पढवलं. "गप्पा मारायच्या नाहीत. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, बाहेर पडायचं."

टेबलामागच्या क्लार्कने नुसतं विचारलं, "कोणतं गाव?"

झालं! त्याची मावशी निघाली जामनेरची, तिची नणंद दिली होती आबांच्या साडूच्या घरात. चहा आला. पुन्हा चहा आला. मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं, ते का हे मला कळेना.

तासाभराने सगळे हसत बाहेर आले. मी विचारलं, "पोच?"

नानांनी पिशवी चाचपली. निवेदन पिशवीतच होतं!

"ते काय, पुन्हा येऊ," नाना म्हणाले. "मुलगा चांगला आहे. सरकारी नोकरी. तुझी पत्रिका मागितली आहे."

पाचोरा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. मधल्या स्टॉपवर आबांनी मला शेंगदाणे दिले, ते मात्र खाल्ले.

*

आता शेवटचा. त्याआधी आमच्याकडची आखाजी सांगायला हवी. अक्षय्यतृतीया इतरांसाठी मुहूर्ताचा दिवस. आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, अमराईत झोके बांधतात, आणि दुपारी गौराई घेऊन नदीवर जातात. पलीकडच्या काठावर समोरच्या गावच्या बायका जमतात. त्या गावाला आम्ही नुसतं 'पल्याड' म्हणतो. मग दोन्ही काठांवरून एकमेकींच्या गावाला शिव्या! मनापासून, घसा बसेपर्यंत, गाण्याच्या चालीवर. त्या दिवशी काठावर जो पुरुष दिसेल तो त्या गावचा धरला जातो. कोणी रागवायचं नाही, हा नियम.

त्या वर्षी साहेबांनी रिसॉर्टचं भूमिपूजन ठेवलं, ते नेमकं आखाजीला. ठराव झाला नव्हता, पण गावाचं सहकार्य आहे म्हटल्यावर ठराव काय, मागून होईल! साहेब नाशिककडचे. सोबत पैसे लावणारे चार पाहुणे, त्यांच्या बायका. अमराईत मांडव, खुर्च्या, माईक. काळा चष्मा लावून साहेब बोलायला उभे राहिले.

"इथली ही शांतता..."

तेवढ्यात पल्याडहून सुरू झालं.

"काया चष्मावाला पाहुना, घरमा बायकोना लुगडा धुवस!"

साहेबांनी चष्मा काढला. आमच्या काठावरून अक्का कमरेला पदर खोचून पुढे झाली. पाहुणा आमच्या काठावर, म्हणजे आमचा! त्याची अब्रू राखणं तिचं काम.

"आमना पाहुना लुगडा तरी धुवस, तुमना पाटील तोंड बी नही धुवस!"

दोन्ही काठांवर हशा फुटला. मग पल्याडच्यांनी पाहुण्यांना एकेक करून घेतलं. टक्कल, पोट, टाय, काही सोडलं नाही. आणि अक्का प्रत्येकाची बाजू इतक्या जोरात मांडत होती, की पल्याडचं बरं असं वाटावं!

एका पाहुण्याने मोजणीवाल्याला विचारलं, "ह्या काय म्हणतायत?"

तो धुळ्याचा. त्याला शब्द न् शब्द कळत होता. चेहरा कोरा ठेवून तो म्हणाला, "स्वागतगीत आहे, साहेब."

पाहुण्यांच्या बायका मात्र पदर तोंडात घालून हसत होत्या. लुगड्यापर्यंतचं त्यांना कळलं असावं.

साहेब लालबुंद होऊन नानांकडे आले. "हे किती वेळ चालणार?"

"अंधार पडेपर्यंत," नाना म्हणाले.

"आणि उद्या?"

"उद्या नाही. आता पुढच्या आखाजीला. आणि त्याच्या पुढच्या."

पाहुणे आधीच गाडीत बसले होते. कुदळ तशीच पडून राहिली. नाना पानात मांडे आणि आमरस घेऊन गाडीमागे धावले. "साहेब! जेवन तरी करा!" गाडी थांबली नाही. नाना धुळीत उभे राहिले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. त्यांच्या शिवारातून माणूस उपाशी गेला होता.

त्यानंतर कंपनीचं कोणी फिरकलं नाही. मोजणीच्या खुंट्या अजून गायरानात आहेत. अक्काच्या शेळ्या त्यांना अंग घासतात.

त्या संध्याकाळी नाना ओट्यावर जेवायला बसले. साहेबांसाठी वाढलेलं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. नदीवरून अक्काचा बसलेला आवाज अजून येत होता. एकाएकी माझ्या मनात काहीतरी आलं आणि माझा घास हातातच राहिला.

"नाना, भूमिपूजनाला आखाजीचा मुहूर्त साहेबांना कोणी सांगितला?"

नानांनी मांड्याचा तुकडा मोडला, आमरसात बुडवला.

"पहिले जेवन कर, माय."