सोडपत्रातली भाषा

वालूरला मुलींच्या शाळेवर असताना एक बिनपगारी काम माझ्या गळ्यात पडलं होतं: बायकांची पत्रं लिहून देणं. शाळा सुटली की कोणीतरी पोस्टकार्ड घेऊन ओसरीवर बसलेलीच असे. त्यांतली एक आमच्या शेजारची विधवा. मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागं सहा एकर रान तीच बघायची. जिंतूरला तिचा भाऊ होता. त्याला महिन्याकाठी एक पत्र जायचं.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या दिरानं तहसिलीत एक कागद हजर केला. सोडपत्र. नवरा वारल्यावर थोड्याच दिवसांत, म्हणजे निजामाच्या काळात, पोलीस ॲक्शनच्याही आधी, तिनं राजीखुशीनं सगळं रान दिराला सोडून दिलं, असा मजकूर. खाली अंगठ्याच्या जागी नुसतं "निशाणी अंगठा" लिहिलेलं. त्यावरून काहीच ओळखू येत नव्हतं. साक्षीदार दोन, दोघंही वारलेले. कागद खरा ठरला असता तर तिला रान सोडून भावाच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं.

तिनं नक्कल माझ्यापुढं टाकली. "म्या असलं कायबी दिलं न्हाई. तुमी वाचून बगा, मास्तरीणबाई. ही बोली माझी हाय का?"

नव्हतीच. मजकुरात नवऱ्याचं नाव तीनदा आलं होतं. ही बाई नवऱ्याच्या माघारीसुद्धा त्याचं नाव घेत नसे, "धनी" म्हणायची. तारीख तर तिला कधी ठाऊकच नसायची. "तूर शेंगंत होती तवा" किंवा "बाजाराच्या दुसऱ्या दिशी" असं तिचं कॅलेंडर. आणि शेवटी लिहिलं होतं, "तलाठी यांनी नोंद घ्यावी." निजामाच्या राज्यात आमच्याकडं पटवारी होता. तलाठी हा शब्द गावानं ऐकला तो मुंबई राज्याचे कागद यायला लागल्यावर.

मला वाटलं, काम सोपं आहे. तिच्या भावानं सगळी पत्रं तारेत ओवून ठेवली होती. ती मागवून घेतली आणि एका रविवारी तिच्या बोलीचे दाखले काढायला बसले.

एकही मिळेना. सगळी पत्रं माझ्या अक्षरात आणि माझ्याच भाषेत. ती "लय" म्हणाली तिथं मी "फार" लिहिलं होतं. "धनी"च्या जागी "कैलासवासी यजमान". तूर शेंगेत होती तिथं मी भिंतीवर बघून तारीख टाकली होती. वर साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र वाचून दाखवलं की ती म्हणायची, "चांगलं झालं, पर मी असं बोलले व्हय?" मी म्हणायची, लिहिताना असंच लिहायचं असतं. इतक्या वर्षांत ही बाई कशी बोलते याचा एक कागद माझ्या हातून झाला नव्हता.

तरीही पत्रांची तार घेऊन तिच्याबरोबर तहसिलीत गेले. नायब तहसीलदारांनी दोन पत्रं सोडपत्राशेजारी ठेवली आणि चष्मा पुसला. "बाई, मला तर हे एकाच घरचं वाटतंय."

"मग मास्तरीणबाईनीच लिवून दिलं आसंल की," दीर म्हणाला. कचेरीतले कारकून हसले.

मी तलाठ्याचा मुद्दा काढला. दिराकडं उत्तर तयार होतं. "मूळ कागद उर्दूत होता, सायेब. ह्यो त्याचा तर्जुमा. औंदा करून घेतला."

"मग मूळ कागद दाखवा," मी म्हणाले.

"पोलीस ॲक्शनच्या गडबडीत कुटं गेला, कुनास ठावं."

साहेबांनी मान डोलावली. त्या काळात बऱ्याच जणांचं बरंच काही गेलं होतं. मी पुन्हा तार उलगडायला लागले. शेजारीण माझ्या मागं उभी होती. पदर सावरत तिनं विचारलं, "भावजी, मूळ तवाच गेला, तर औंदा तर्जुमा कशाचा केला?"

मी एवढे दिवस शब्द चाळत बसले होते आणि हे मला सुचलं नव्हतं.

साहेब म्हणाले, हिचा जबाब लिहून आणा. या वेळी मी तिच्या तोंडून आलं ते तसंच उतरवलं. "धनी गेले तवा तूर शेंगंत होती. रान म्या कुनाला दिलं न्हाई. आजबी मीच कसायलेय." लिहिताना हात सारखा दुरुस्तीकडं वळत होता, तो आवरला. तिनं अंगठा उठवला.

साहेबांनी पहिल्या ओळीवरच बोट ठेवलं. "हे सरकारी कामात चालायचं नाही. तुम्ही शिक्षिका ना? शुद्ध लिहून आणा."

मी नाही म्हणाले. दोन खेपांना त्यांनी जबाब परत केला. तिसऱ्या खेपेला कंटाळून फायलीला लावून घेतला. दिराला मूळ कागद आणायला मुदत मिळाली, मग दुसरी मिळाली. कागद आला नाही. रानावर तिचं नाव राहिलं आणि ती पेरणीला लागली. पण सोडपत्र खोटं आहे, एवढी एक ओळ लिहायला कोणी तयार झालं नाही. मी दोनदा अर्ज केला. मूळ कागद नसल्यानं अभिप्राय देता येत नाही, असं उत्तर आलं, अगदी शुद्ध मराठीत. सोडपत्र त्याच फायलीत राहिलं. साहेब बदलून गेले, आणि पुढचा साहेब ते वाचून काय समजेल याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.